पत्ता नसलेल्या पिराची चादर

आमच्या हिनं फार वर्षांपूर्वी एका पिराला चादर बोलली होती, आणि तो पीर कोणता हे ती विसरली होती.

सगळी अडचण या एका वाक्यात आली. पण माझं आयुष्य मुलांना शिकवण्यात गेलं असल्यामुळे एका वाक्यावर थांबायची मला सवय नाही. तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती. ही तिला घेऊन माहेराहून बसनं परत येत होती. वाटेत पोरीला सणकून ताप भरला आणि त्याच वेळी बस बंद पडली. रस्त्यापासून थोडं आत एक पांढरा घुमट दिसत होता, त्याला हिरवा दरवाजा. शेजारी बसलेली बाई हिला म्हणाली, "त्या बाबाला सांग, ऐकतो तो." हिनं खिडकीतूनच हात जोडले आणि म्हणाली, "हिचा ताप उतरू दे, मी चादर घेऊन येते." घरी पोचेपर्यंत ताप उतरला होता. पुढे संसार, शाळा, माझ्या बदल्या. चादर राहून गेली.

इतकी वर्षं त्या चादरीनं कुणाला त्रास दिला नाही. आता मुलीला दिवस गेले, डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं, आणि ती रोज फोनवर विचारू लागली, "आई, कधी येतेस?" ही रोज उत्तर द्यायची, "येते गं," आणि फोन ठेवून माळ्यावरच्या बॅगेकडे बघायची. बॅग काही खाली यायची नाही.

शेवटी मी विचारलं तेव्हा म्हणाली, "चादर चढवल्याशिवाय मी तिच्या घरी जाणार नाही. मागचं दिलं नाही आणि पुढचं मागायला कुठल्या तोंडानं जाऊ?"

मी बरीच वर्षं गणित शिकवलं आहे. या युक्तिवादातली चूक मला सापडेना. तिकडे मुलगी एकटी छताकडे बघत पडून होती, आणि इकडे तिची आई एका घुमटापायी अडून बसली होती. तेव्हा मी ठरवलं की एक गाडी भाड्यानं घ्यायची, त्या जुन्या रस्त्यावरचे सगळे दर्गे एका दिवसात पालथे घालायचे आणि हिला दुसऱ्या दिवशी मुलीकडे रवाना करायचं.

संध्याकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत आळीतली मुलं शिकायला येतात. त्या दिवशी मी फळ्यावरचे अपूर्णांक पुसले आणि जुना रस्ता काढला. मुलांना भूगोलाचा तास मिळाल्याचा आनंद झाला. पहिल्या ओळीतल्या एका चुणचुणीत मुलीनं विचारलं, "गुरुजी, नवस उशिरा फेडला तर पीर बाहेर उभं करतो का?"

"छे छे. ते फार दयाळू असतात."

"मग आजी का घाबरतात?"

मी सगळ्यांना पाढे लिहायला बसवलं.

घराच्या भिंती पातळ आणि मुलांची तोंडं मोठी, त्यामुळे रात्रीपर्यंत बातमी आळीभर झाली. पहिले आले वरच्या मजल्यावरचे नाना. नाना पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले आहेत, आणि पृथ्वीच्या पाठीवरचा असा एकही रस्ता नाही की जो त्यांनी पाइप टाकण्यासाठी खणलेला नाही. त्यांनी माझ्या फळ्यावरच्या नकाशाकडे पाहिलं, खडू घेतला आणि माझा रस्ता पुसून स्वतःचा काढला.

"तुमचा रस्ता नदीतून जातोय," ते म्हणाले.

"तो पूल आहे."

"पूल असा वाकडा नसतो. मी येतो तुमच्याबरोबर. पुढच्या सीटवर बसेन, मला मागे मळमळतं."

अशा रीतीनं नाना मोहिमेत आले.

मग चादर. त्यासाठी मी चौकातल्या टेलरचाचांकडे गेलो. माझ्या सगळ्या विजारी त्यांनीच शिवल्या आहेत, आणि या विषयात त्यांच्याइतका जाणकार दुसरा कोण, असं मी मनाशी धरून चाललो होतो. मी त्यांना दर्ग्यांची माहिती विचारली. कोणत्या वेळी जावं, आत काय म्हणावं, कोणता पीर कशासाठी. चाचांनी मशीन थांबवलं आणि थोडे अवघडून म्हणाले, "गुरुजी, मी कधी दर्ग्यात गेलोच नाही. आमच्या घरात मशिदीत जातात, दर्ग्याचं मानत नाहीत."

मला इतका मोठा धक्का बसला की मी म्हणून गेलो, "म्हणजे तुमच्यापेक्षा आमची ही जास्त..."

"असेल," चाचा हसून म्हणाले. "माझी बहीण जाते. आम्हाला बाजारात चालले म्हणून सांगते आणि तिकडे जाते. तिलाच विचारून चादर शिवतो. माप काय?"

कबर पाहिल्याशिवाय माप कसं देणार? मी कागदावर बरेच आकडे मांडले. चाचांनी ते बघितलेही नाहीत. "मोठी शिवतो," म्हणाले. "मोठी दुमडता येते."

गाडी ठरवणं सोपं असेल अशी माझी समजूत होती. ट्रॅव्हल्सच्या कचेरीत एक तरुण संगणकासमोर बसला होता. त्यानं विचारलं, "जायचं ठिकाण?"

"ते माहीत नाही. तेच शोधायला जायचंय."

"ठिकाणाशिवाय संगणक पुढे जात नाही."

"दर्गा असं लिहा."

"कुठला?"

मी त्याला बस, ताप, घुमट, सगळं समजावून सांगितलं. मुलाला समजेपर्यंत सांगायचं, चिडायचं नाही, हे माझं तत्त्व आहे. मागे रांग लागली. रांगेतल्यांनाही गोष्ट कळली आणि त्यांच्यात दोन तट पडले. एक म्हणे कोणत्याही दर्ग्यात द्या, दुसरा म्हणे असं चालत नाही. शेवटी त्या तरुणानं यादीत वरखाली शोधून एक रकाना निवडला. "प्लॉट पाहणी. यात ठिकाण लिहावं लागत नाही. प्लॉट बघणाऱ्यांनाही कुठे जायचं ते माहीत नसतं."

त्याचा परिणाम पुढे दिसला.

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. पुढे नाना, मागे मी, ही, आणि आमच्या दोघांच्या मध्ये तिसऱ्या माणसासारखं बसलेलं चादरीचं गाठोडं. पहिला दर्गा मोठा, प्रसिद्ध. दारापासून दुकानं, फुलं, अत्तर, चपला ठेवायची जागा. डोकं झाकायला हवं म्हणून नानांनी रुमालाला चार गाठी मारल्या. माझ्याकडे रुमाल नव्हता. दुकानदारानं एक टोपी दिली. ती प्लास्टिकच्या जाळीची होती, गुलाबी होती आणि बहुधा माझ्या पहिल्या ओळीतल्या मुलीच्या मापाची होती. ती डोक्यावर ठरत नव्हती, नुसती टेकत होती. मान ताठ ठेवून चालावं लागे. जन्मभर मुलांना मान ताठ ठेवा म्हणून सांगत आलो, त्यातला त्रास तेव्हा कळला.

ही घुमटाकडे बघत थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "हा नाही."

"कशावरून?"

"हा फार मोठा आहे. एवढ्या मोठ्याला मी तापासाठी त्रास दिला नसता."

गाडीपाशी ड्रायव्हर वाट बघत होता. तो गंभीरपणे म्हणाला, "बरं केलंत सर. इथे गर्दी फार. म्हातारपणी अशा वस्तीत घर नको."

मी त्याला खरं सांगणार होतो, पण नाना "चला चला, पुढचा मला पाठ आहे," म्हणाले आणि गाडी निघाली.

नानांना पाठ असलेलं ठिकाण पांढरं होतं, त्याला घुमट होता, दरवाजाही हिरवा होता. हौदावर काही मंडळी हातपाय धूत होती. नाना हिला म्हणाले, "काढा वहिनी चादर." तेवढ्यात एक वृद्ध गृहस्थ पुढे आले आणि काय हवंय म्हणून त्यांनी अदबीनं विचारलं. नानांनी त्यांना, आपण कबरीवर चादर चढवायला आलो असून कबर कुठल्या बाजूला आहे ते दाखवावं, असं सांगितलं.

"ही मशीद आहे," ते म्हणाले. "इथे कबर नाही."

"आधी असेल," नाना म्हणाले.

"नव्हती." त्यांनी आम्हाला व्हरांड्यात सतरंजीवर बसवलं, पाणी दिलं. "नमाजाची वेळ झाली आहे. तेवढी होऊ द्या, मग बोलू."

आम्ही तिथे बसून राहिलो. आत माणसं येत होती. कुणी दुकानातून, कुणी कामाच्या मळक्या कपड्यांत. येईल तो पुढच्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहत होता, आणि बघता बघता अशी ओळ झाली की पट्टीनं आखावी. शिट्टी नाही, छडी नाही, "ए, तू मागे हो" नाही. मुलांची सरळ ओळ व्हावी म्हणून मी रोज सकाळी प्रार्थनेच्या वेळी घसा बसेपर्यंत ओरडत असे. मी हिला हळूच म्हणालो, "ओळ बघ." ती म्हणाली, "गप्प बसा, ते बोलतायत."

नमाज झाल्यावर त्या गृहस्थांनी हिची हकिगत ऐकून घेतली. मशिदीतल्या माणसाला हे नवसाचं प्रकरण कितपत रुचेल याची मला धास्ती होती. पण ते फक्त म्हणाले, "माझा यावर विश्वास नाही. पण कुणाला शब्द दिला असेल तर पाळावा, यावर आहे. पेट्रोलपंपाशेजारी एक आहे, तिथे बघा."

गाडीत बसताना ड्रायव्हर म्हणाला, "शेजार शांत दिसतोय. पाण्याचं विचारलंत का?"

पंपाशेजारचा दर्गा लहानसा होता, फरश्या नव्या होत्या, आणि तिथली देखभाल बघणारे मुजावर अतिशय आनंदी गृहस्थ होते. हिनं विचारलं, "इथे पूर्वी बस बंद पडायच्या का?"

"पडायच्या की. फार पडायच्या."

ही फरश्यांकडे बघत राहिली. तिला काही उमजेना. अडलेल्या मुलाचा असतो तसा तो चेहरा मला परका नव्हता. मुजावरांचा चेहराही ओळखीचा होता. दरवर्षी वर्गात एक मुलगा असतोच, जो "कळलं?" म्हटल्यावर सगळ्यात आधी मान डोलावतो. मी पुढे झालो.

"इथे एक हातपंप होता ना?"

"होता तर."

"आणि गिरणीची चिमणी?"

"होती. ती पाडली."

"आणि इथून समुद्र दिसायचा."

मुजावरांनी क्षणभर क्षितिजाकडे पाहिलं. "पूर्वी दिसायचा," ते म्हणाले.

आम्ही गाडीपाशी परत आलो. ऊन कलायला लागलं होतं. नाना म्हणाले, "वहिनी, आता ताणू नका. इथेच द्या. माणूस चांगला आहे, आनंदानं घेईल." मीही थकलो होतो. डोक्यावरची टोपी पुन्हा पुन्हा घसरत होती. मी म्हणालो, "हे बघ, भाव महत्त्वाचा. सगळे पीर आपसात समजून घेतील."

हिनं गाठोडं उराशी धरलं. "मी त्या दिवशी एकालाच सांगितलं होतं," ती म्हणाली. "सगळ्यांना नाही सांगितलं. तो एकटा ऐकत होता."

एवढं बोलून ती रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन बसली, आणि तिच्या बसण्यावरून मला दिसलं की ही आता घरी जाईल, बॅग माळ्यावरच राहील, आणि मुलगी उद्याही फोन करील. तेवढ्यात फोन वाजलाच. ही म्हणाली, "येते गं," आणि फोन ठेवला.

ड्रायव्हरनं मला बाजूला घेतलं. "सर, बाईंना एकही प्लॉट पसंत नाही का?"

मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे तुम्ही घ्यायला नाही आलात. द्यायला आलात."

"हो."

"आणि घेणारा सापडत नाही."

"हो."

त्यानं जाऊन गाडीतला रेडिओ बंद केला.

मी हिच्या शेजारी दगडावर टेकलो. वर्गात एखादं मूल अडलं, रडवेलं झालं, की मी पुस्तक मिटतो आणि त्याच्या बाकावर बसून विचारतो, बरं, सुरुवातीपासून सांग. सवयीनं तेच तोंडून गेलं.

"बस बंद पडली. मग पुढे काय झालं?"

"पुढे काय. चढ होता. इंजिनातून वाफ यायला लागली."

चढाचं ती आजवर बोलली नव्हती. की मी फळ्यावर रस्ते काढत होतो तेव्हा बोलली होती, कोण जाणे.

"मग?"

"मग कंडक्टर डबा घेऊन मागे उतरणीवर गेला. लगेच आला, विजार भिजलेली. इंजिनात ओतून पाणी उरलं होतं. त्यात मी पदर बुडवला आणि पोरीच्या कपाळावर ठेवला. गार होतं पाणी. तेव्हा तिनं डोळे उघडले, आणि मला खिडकीतून तो घुमट दिसला."

नाना आमच्यामागे येऊन उभे होते. "लगेच आला?" त्यांनी विचारलं. "डबा भरून?"

"हो. गाडीतली माणसं उतरायच्या आत."

"मग विहीर नव्हे. नळ." नानांच्या चेहऱ्यावर असं तेज मी पूर्वी पाहिलं नव्हतं. "चढाच्या पायथ्याशी नळ. या रस्त्यावर अशी एकच टाकी होती, आमच्या खात्याची. आता नवा रस्ता वरून गेला, ती खाली राहिली. गाडी काढा."

पुढे त्यांनी तीन वेळा चुकीचं वळण घ्यायला लावलं, पण त्याबद्दल मी बोलणार नाही. टाकी सापडली. तिच्यावर झुडपं उगवली होती. तिथून जुना, उखडलेला रस्ता वर चढत होता. गाडी जाईना, म्हणून आम्ही चालत निघालो. अर्ध्या चढावर ही थांबली, डावीकडे वळली आणि मला म्हणाली, "बाजूला व्हा जरा, तुमच्यामुळे दिसत नाही."

मी बाजूला झालो. झाडांच्या मागे एक बुटका पांढरा घुमट होता. दरवाजा निळा होता.

"दरवाजा हिरवा नाही," मी म्हणालो.

"नसू दे," ती म्हणाली आणि चालू लागली.

शेजारच्या खोपटातून एक म्हातारी बाई किल्ली घेऊन आली. रंगाचं विचारल्यावर म्हणाली, "शाळेला रंग देऊन उरला होता, त्यांनी दिला." मग हिच्या हातातलं गाठोडं बघून तिनं नियम सांगितला. बायकांनी उंबऱ्यापर्यंतच. चादर पुरुषमाणसानं आत न्यायची. नाना चढावर दम खात बसले होते. म्हणून मी गेलो.

आत इतकी कमी जागा होती की कबर आणि मी एवढेच मावत होतो. चादर उघडली तर ती कबरीवरून ओसंडून जमिनीवर, भिंतीवर आणि माझ्या पायांवर आली. मी चाचांचं स्मरण करून ती दुमडू लागलो. उंबऱ्यावरून सूचना येत होत्या. "काठ बाहेर. अहो, तो काठ नव्हे. पाय द्याल."

चादर एकदाची बसली. ही हात जोडून उभी राहिली. म्हातारी तिला म्हणाली, "काय झालं ते सांग त्याला. लोक मागून जातात, कळवायला कुणी येत नाही."

ही उंबऱ्याशी थोडी वाकली. मग हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तिचा ताप उतरला. त्याच दिवशी."

मी बाहेर पडणार होतो, पण दारात ती उभी होती. टोपी सावरत मी भिंतीला टेकून राहिलो.

ती सांगत गेली. पोर उशिरा बोलायला लागली, मग थांबेना. अक्षर सुंदर, गणितात कच्ची, वडील शिकवायचे तरी. लग्न झालं, जावई कमी बोलतो पण रात्री उठून तिला पाणी देतो. "हेही चांगले आहेत," ती म्हणाली. "पुरतं ऐकून घेत नाहीत, एवढंच. आज ऐकलं." मग आवाज आणखी खाली आणून, "चादर मी नंतर बोलले. आधी म्हणाले होते, तिच्याऐवजी मला ने. तुला आठवत असेल. मग वाटलं, मी गेले तर तिला बघणार कोण. म्हणून चादरीवर आणलं."

इतकी वर्षं आम्ही एका घरात राहिलो. हे मला त्या अंधाऱ्या खोलीत, गुलाबी टोपी घालून, दुसऱ्या कुणाला सांगितलं जात असताना कळलं.

तिचं झाल्यावर म्हातारीनं मला विचारलं, "तुम्हाला काही मागायचंय? आलाच आहात तर."

दिवसभर मी सगळ्यांना काही ना काही समजावत होतो. आता कसाबसा म्हणालो, "मुलीचं नीट होऊ दे. तिच्या बाळाचंही. मी... मी येईन सांगायला."

बाहेर आल्यावर हिनं आधी फोन लावला. "बाळा, उद्या सकाळच्या गाडीनं निघते. अगं नाही, काही झालं नाही. होतं एक काम, ते झालं." फोन ठेवून तिनं पदरानं डोळे पुसले आणि माझा हात धरून मला जुन्या रस्त्याच्या मधोमध नेऊन उभं केलं.

"तुम्ही येईन म्हणालात ना त्याला? मग जागा नीट बघून ठेवा. दरवाजाच्या रंगावर जाऊ नका, तो बदलतो."

मी बघू लागलो. चढ, वळण, झाडं, घुमट. ती माझ्याकडे बघत उभी होती.

"सांगा, घुमट कुठल्या हाताला?"

"डाव्या," मी म्हणालो.

"येताना की जाताना?"

मी पुन्हा सुरुवातीपासून बघू लागलो.